वाचकांचे प्रश्न : भरताचे वांगे, धिंगरी आणि डब्यावरचा आकडा

मागील अंकात या सदरात अँटिऑक्सिडंट द्रव्यांचा ओझरता उल्लेख झाला आणि त्यानंतर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. काही पत्रांत प्रश्न होते, तर काहींत जाहिरातींची कात्रणे होती. सारखे प्रश्न एकत्र करून निवडक पत्रांची उत्तरे येथे देत आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

आमच्याकडे एक जण घरोघरी येऊन 'अँटिऑक्सिडंट पावडर' विकतो. डब्यावर सफरचंदाच्या कितीतरी पट शक्ती असल्याचा आकडा छापलेला आहे. डबा महाग आहे, पण सासऱ्यांना मधुमेह आहे म्हणून घ्यावासा वाटतो. घ्यावा का?
— गृहिणी, भुसावळ

घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कारणे थोडी विस्ताराने सांगतो, कारण पुढच्या बहुतेक उत्तरांचा पाया तोच आहे.

आपल्या पेशी प्राणवायू वापरून ऊर्जा तयार करतात तेव्हा इलेक्ट्रॉनची जोडी अपुरी राहिलेले काही अस्थिर रेणू सतत निर्माण होत असतात. यांना मुक्त मूलके म्हणतात. ती शेजारच्या मेदातून, प्रथिनांतून किंवा डीएनएमधून इलेक्ट्रॉन ओढून घेतात आणि त्या रेणूंची मोडतोड करतात. अँटिऑक्सिडंट द्रव्य स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन ही साखळी तोडते. वार्धक्याचे मूळ मुक्त मूलकांच्या साचत जाणाऱ्या हानीत आहे, अशी मांडणी 1956 साली अमेरिकेतील डेनहम हार्मन यांनी केली आणि तेव्हापासून 'अँटिऑक्सिडंट जितके जास्त तितके बरे' ही समजूत हळूहळू रूढ झाली. विक्रेत्यांना ती फारच सोयीची ठरली.

डब्यावरचा आकडा बहुधा 'ओरॅक' नावाच्या चाचणीचा असतो. काचेच्या नळीत मुक्त मूलके तयार करायची आणि दिलेला पदार्थ त्यांना किती वेळ थोपवून धरतो ते मोजायचे, एवढेच या चाचणीत होते. अमेरिकेच्या कृषी खात्याने अनेक खाद्यपदार्थांच्या अशा आकड्यांची यादी संकेतस्थळावर ठेवली होती. ती यादी त्याच खात्याने 2012 मध्ये काढून टाकली, कारण नळीतील आकड्यांवरून मानवी शरीरातील परिणाम ठरवता येत नाही आणि कंपन्या मात्र त्यांचा उपयोग जाहिरातीसाठी करीत होत्या. तरीही ते आकडे आजही डब्यांवर छापले जातात.

नळी आणि शरीर यांत नेमका फरक कुठे पडतो? वनस्पतींतील पॉलिफेनॉल नावाच्या अँटिऑक्सिडंट द्रव्यांपैकी बहुतेकांचा फार थोडा भाग आतड्यातून रक्तात जातो. जो जातो त्याला यकृत लगेच दुसरे रेणू जोडते आणि काही तासांत तो लघवीवाटे निघून जातो. उरलेला मोठा भाग मोठ्या आतड्यातील जिवाणूंच्या वाट्याला येतो. याउलट ग्लुटाथायोन, युरिक आम्ल आणि मूलकांचा नाश करणारी विकरे (एन्झाइम) हा शरीराचा स्वतःचा बंदोबस्त कितीतरी मोठा असतो आणि तो चोवीस तास चालू असतो. शिवाय मुक्त मूलके ही केवळ शत्रू नाहीत. पांढऱ्या पेशी त्यांच्याच जोरावर जंतू मारतात आणि व्यायामानंतर स्नायूंना 'सुधारा' हा निरोपही काही अंशी त्यांच्याकडूनच मिळतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील एका अभ्यासात व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वांच्या मोठ्या मात्रा घेणाऱ्या तरुणांत इन्शुलिनच्या कार्यात होणारी सुधारणा दिसलीच नाही. गोळ्या न घेणाऱ्यांत ती दिसली. मधुमेही माणसाच्या घरात ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

सर्वांत जड पुरावा मोठ्या चाचण्यांचा आहे. फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर झालेल्या चाचणीचा निष्कर्ष 1994 मध्ये आला, तेव्हा बीटा कॅरोटीनची, म्हणजे गाजरातील नारिंगी द्रव्याची, गोळी घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी सुमारे 18 टक्क्यांनी वाढलेला आढळला. अमेरिकेतील अशीच दुसरी चाचणी याच कारणाने 1996 मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. पुढे 2012 मध्ये 78 चाचण्यांतील जवळपास 3 लाख लोकांची माहिती एकत्र तपासली गेली. त्यातून अँटिऑक्सिडंट गोळ्यांनी आयुष्य वाढते असे दिसले नाही, उलट बीटा कॅरोटीन आणि ई जीवनसत्त्व यांच्या गोळ्यांमुळे मृत्यूचा धोका किंचित वाढतो असे दिसले. गाजर खाणाऱ्यांत असे घडत नाही. म्हणजे तेच द्रव्य भाजीतून घेणे आणि दहापट मात्रेने गोळीतून घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

सासऱ्यांसाठी एक आवळा किंवा एक मध्यम पेरू पुरेसा आहे. 100 ग्रॅम आवळ्यात सुमारे 250 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते आणि प्रौढ पुरुषाची दिवसाची शिफारस 80 मिलिग्रॅम आहे. दिवसाला 200 मिलिग्रॅमच्या पुढे कितीही घेतले तरी रक्तातील पातळी फारशी वाढत नाही, जास्तीचे लघवीवाटे जाते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर फळांचे प्रमाणही डॉक्टरांना विचारून ठरवावे, आणि मधुमेहाची चालू औषधे कोणत्याही पावडरीच्या भरवशावर कमी करू नयेत.

भरीत करताना वांगे थेट जाळावर भाजतात. त्यातील सगळे सत्त्व जळून जाते, असे पुण्याला शिकणारा पुतण्या म्हणतो. शिवाय जांभळी वांगीच औषधी असतात, आपली हिरवी नाहीत, असेही तो म्हणतो. खरे काय?
— शेतकरी, यावल तालुका

पुतण्याचे पहिले म्हणणे चूक आहे आणि दुसरे अर्धेच बरोबर आहे. हा प्रश्न आल्याचा मला विशेष आनंद झाला, कारण खान्देशातील भरताच्या वांग्यावर लिहायची संधी क्वचितच मिळते.

वांग्याच्या गरातील पॉलिफेनॉलांमध्ये सर्वांत मोठा वाटा क्लोरोजेनिक आम्लाचा असतो. हेच द्रव्य कॉफीच्या बियांतही भरपूर असते. वांगे चिरले की फोडी काळ्या पडतात, त्याचे कारणही तेच. अखंड पेशीत क्लोरोजेनिक आम्ल आणि त्याचे ऑक्सिडीकरण करणारे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. विळी लागली की कप्पे फुटतात, दोघांची गाठ पडते, हवेतील प्राणवायू मिळतो आणि तपकिरी रंग तयार होतो. तो रंग म्हणजे खर्ची पडलेले अँटिऑक्सिडंटच होय. म्हणून फोडी पाण्यात टाकतात, पण तसे केल्याने पाण्यात विरघळणारे हे आम्ल थोडे पाण्यातही उतरते, आणि ते पाणी आपण फेकून देतो.

आता भरताची रीत पाहा. वांगे अखंड राहते, विळी लागतच नाही. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर सालीच्या आत गर स्वतःच्याच वाफेत शिजतो, उष्णतेने ते विकर निकामी होते आणि बाहेरच्या पाण्यात काहीही निसटून जात नाही. शिजवलेल्या वांग्यावर झालेल्या मोजण्यांत गरातून हाती लागणारे क्लोरोजेनिक आम्ल कच्च्यापेक्षा कमी होण्याऐवजी काही वेळा जास्त भरले आहे, कारण मऊ झालेल्या पेशींतून ते सहज सुटते. उकडून पाणी ओतून देण्यापेक्षा आपली पद्धत या बाबतीत सरस आहे. फक्त करपलेली साल नीट काढून टाकावी. 'धुरकट चव येते' म्हणून काळे कण मुद्दाम ठेवण्याची अलीकडच्या काही उपाहारगृहांची खोड मला पसंत नाही, कारण जळालेल्या भागात नको असलेली संयुगेही तयार होतात.

रंगाविषयी. गडद जांभळ्या सालीत नासुनिन नावाचे अँथोसायनिन, म्हणजे जांभळे रंगद्रव्य, असते. ते लोहाला बांधून ठेवते आणि मेदाचे ऑक्सिडीकरण रोखते, हे प्रयोगशाळेत दिसलेले आहे. आपल्या भरताच्या वांग्याची साल फिकट हिरवी, पांढुरक्या रेषांची असते. तिच्यात हे द्रव्य नसते, तिचा रंग हरितद्रव्याचा. परंतु भरतात साल आपण टाकूनच देतो. जांभळे वांगे भाजून सोलले तर त्याचे नासुनिनही सालीबरोबर उकिरड्यावर जाते आणि ताटात जो गर येतो, त्यात दोन्हींकडे क्लोरोजेनिक आम्लच मुख्य असते. जळगावच्या भरताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले ते त्याच्या चवीसाठी, कमी बियांसाठी आणि लुसलुशीत गरासाठी. त्याला औषधाचा टिळा लावण्याची मुळीच गरज नाही.

भरताच्या बाकीच्या साहित्याबद्दल आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. कांद्याची पात आणि कोथिंबीर यांतील कॅरोटिनॉइड (बीटा कॅरोटीनच्या कुळातील) द्रव्ये तेलात विरघळतात, त्यामुळे फोडणीचे तेल आणि शेंगदाणे ती अंगी लागण्यास मदत करतात. लसणाचे मात्र वेगळे आहे. ठेचल्यावर त्यातील अलिनेज या विकरामुळे अलिसिन हे उग्र वासाचे द्रव्य तयार होते. सबंध पाकळी वांग्याबरोबर भाजली तर विकर आधीच निकामी होते आणि अलिसिन फारसे होत नाही. लसूण ठेचून 10 मिनिटे तसाच ठेवून मग फोडणीत टाकला तर थोडे अधिक टिकते. भाजलेल्या लसणाची गोडसर चव हवी असेल तर खुशाल भाजावा, चव हेही जेवणाचे कारण आहेच.

नंदुरबारच्या पथारींवर वाळणाऱ्या मिरचीत क जीवनसत्त्व असते, असे कुठेतरी वाचले. ओल्या मिरचीत जास्त की वाळलेल्या?
— मिरचीचा व्यापारी, नंदुरबार

ओल्या. मिरचीचा आणि क जीवनसत्त्वाचा संबंध तर विज्ञानाच्या इतिहासातच नोंदलेला आहे. हंगेरीचे आल्बर्ट सेंट-ज्योर्जी यांना हे जीवनसत्त्व शुद्ध रूपात भरपूर हवे होते, पण प्राण्यांच्या ग्रंथींतून ते फार थोडे निघत असे. ते ज्या सेगेद शहरात काम करीत होते ते पाप्रिका मिरचीसाठी प्रसिद्ध आहे, आणि 1930 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांनी त्या मिरचीतून ते मोठ्या प्रमाणात वेगळे केले. 1937 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

उन्हात वाळवताना उष्णता, प्रकाश आणि हवा या तिन्हींमुळे क जीवनसत्त्वाचा बराचसा भाग नष्ट होतो. लाल रंगाची कॅपसँथिनसारखी कॅरोटिनॉइड द्रव्ये त्या मानाने टिकतात, पण तीही प्रकाशात आणि हवेत हळूहळू विटतात. अखंड मिरचीपेक्षा कुटलेल्या तिखटाचा रंग लवकर उडतो, कारण हवेला जास्त पृष्ठभाग मिळतो. म्हणून तिखट थोडे थोडे कुटावे आणि अंधाऱ्या, कोरड्या जागी झाकणाच्या डब्यात ठेवावे. शेवभाजीवर तरंगणारी लाल तर्री म्हणजे तेलात उतरलेली हीच द्रव्ये होत. मात्र तर्री लाल आहे म्हणून तिखट शुद्ध आहे असे समजू नये. सुदान या बंदी असलेल्या रंगांचाही तेलात असाच लाल उतारा येतो, तेव्हा शंका आली तर प्रयोगशाळेतूनच तपासणी करून घ्यावी.

मी धिंगरी अळंबीचे उत्पादन घेतो. अळंबीत 'अर्गोथायोनिन' नावाचे अँटिऑक्सिडंट असते आणि ते म्हातारपण थांबवते, असे पाकिटावर छापण्याचा सल्ला एकाने दिला. छापू का? शिवाय पावसाळ्यात डोंगरात मिळणारी भूछत्रे त्याहून गुणकारी असतात, हे खरे का?
— अळंबी उत्पादक, साक्री तालुका

पहिल्या प्रश्नातील द्रव्य खरे आहे, दावा खरा नाही.

अर्गोथायोनिन 1909 मध्ये शार्ल तान्रे यांना राय या धान्यावर वाढणाऱ्या अर्गट बुरशीत सापडले, नाव तेथूनच आले. हे गंधकयुक्त अमिनो आम्ल प्राणी आणि वनस्पती स्वतः बनवू शकत नाहीत. ते बुरशी आणि काही जिवाणू बनवतात, आणि वनस्पतींत ते मातीतील सूक्ष्मजीवांकडून थोड्या प्रमाणात येते. अन्नातील त्याचा सर्वांत मोठा स्रोत अळंबी आहे आणि साध्या पांढऱ्या बटण अळंबीपेक्षा धिंगरीत ते साधारणपणे जास्त असते. आतापर्यंतच्या उत्तरांत मी अँटिऑक्सिडंटांविषयी साशंक सूर लावला आहे, पण या द्रव्याबाबत माझे कुतूहल खरोखर जागे होते. कारण बहुतेक पॉलिफेनॉलांना शरीर परक्यासारखे वागवून बाहेर काढते, आणि अर्गोथायोनिन मात्र ते धरून ठेवते. 2005 मध्ये जर्मनीतील कोलोन येथील संशोधकांनी दाखवून दिले की ते पेशीत नेण्यासाठी मानवी शरीरात एक खास वाहक प्रथिन आहे. तांबड्या पेशी, अस्थिमज्जा, यकृत आणि डोळे यांत ते साठते आणि आठवडेच्या आठवडे टिकते. ज्या द्रव्यासाठी शरीराने स्वतंत्र दार ठेवले आहे, त्याचे काहीतरी काम असणार, असा तर्क साहजिकच निघतो. अमेरिकेतील ब्रूस एम्स यांनी 2018 मध्ये त्याला 'दीर्घायुष्याची जीवनसत्त्वे' या आपल्या प्रस्तावित गटात जागा दिली. सिंगापूरमधील अभ्यासात स्मरणशक्ती उतरणीला लागलेल्या वृद्धांच्या रक्तात ते कमी आढळले.

पण पुरावा येथवरच आहे. रक्तात ते कमी असल्यामुळे स्मृती गेली, की स्मृती गेल्याने आहार बिघडला आणि म्हणून ते कमी झाले, हे अशा निरीक्षणातून ठरत नाही. त्याची दैनिक शिफारसही कोणी ठरवलेली नाही. शिवाय खाद्यपदार्थांच्या जाहिराती आणि दाव्यांविषयीचे 2018 चे केंद्रीय नियम पुराव्याशिवाय आरोग्याचे दावे करू देत नाहीत, तसेच सामान्य खाद्यपदार्थ रोग बरा करतो असे छापण्यासही मनाई करतात. 'म्हातारपण थांबवते' हे वाक्य छापलेत तर माल परत येण्याची आणि कारवाईची जोखीम तुमच्यावरच येईल. पाकिटावर वाणाचे नाव, काढणीची तारीख, साठवणीची रीत आणि नियमानुसार लागणारी पोषणमाहिती छापावी. ताज्या धिंगरीत सुमारे 90 टक्के पाणी असते, त्यामुळे काढणीची तारीख हाच ग्राहकाच्या दृष्टीने सर्वांत कामाचा मजकूर आहे.

ग्राहकांना सांगण्याजोग्या दोन गोष्टी मात्र आहेत. अर्गोथायोनिन उष्णतेला चांगले टिकते, पण पाण्यात विरघळते, म्हणून वाळवलेली धिंगरी ज्या पाण्यात भिजवली ते स्वच्छ असेल तर रश्श्यात घालावे. आणि अळंबीत अर्गोस्टेरॉल असते, त्याचे सूर्यप्रकाशातील अतिनील किरणांनी ड-2 जीवनसत्त्वात रूपांतर होते. वाळवण्याआधी पाकळ्यांची बाजू वर करून काही काळ उन्हात ठेवली तर हा फायदा फुकटात मिळतो. खान्देशात उन्हाची कमतरता कधीच नसते.

दुसऱ्या प्रश्नाबाबत मी कठोरपणे लिहितो. वारुळांजवळ उगवणारी काही भूछत्रे खाद्य आहेत आणि सातपुड्यातील व सह्याद्रीच्या पायथ्यावरील जाणती माणसे ती पिढ्यान्‌पिढ्या ओळखून खातात. ज्याला ती ओळख नाही त्याने रानातील एकही भूछत्र खाऊ नये. चांदीचे नाणे काळे पडते का, तांदळाचा रंग बदलतो का, किडे लागले आहेत का, या साऱ्या घरगुती परीक्षा निरुपयोगी आहेत. अमानिटा वंशातील काही अळंब्यांचे विष शिजवूनही नाहीसे होत नाही. त्याची लक्षणे 6 तासांनी किंवा त्याहून उशिरा सुरू होतात, मध्ये एक दिवस बरे वाटल्याचा भास होतो आणि त्याच वेळी यकृत निकामी होत असते. खाल्ल्यानंतर उशिरा उलट्या-जुलाब सुरू झाले तर उरलेली अळंबी बरोबर घेऊन ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे.

जाता जाता एक मौज. 'आमच्या घरात बुरशी-अळंबी शिजत नाही' असे अभिमानाने लिहिणारी काही पत्रे माझ्याकडे आहेत. त्यांच्या काळ्या मसाल्यातील दगडफूल ही बुरशी आणि शैवाल यांच्या सहजीवनातून बनलेली दगडवनस्पती आहे. तिच्यातही अ‍ॅट्रॅनोरिनसारखी फेनॉलवर्गीय द्रव्ये असतात. अर्थात किलोभर मसाल्यात दगडफूल पडते किती आणि त्यातले ताटात येते किती, हे पाहता ते वासासाठीच घालावे हे उत्तम.

मी औषधनिर्माणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. तरोट्याच्या पाल्याची डीपीपीएच चाचणी करून प्रकल्प करायचा आहे. निकाल चांगला आला तर भाजी आरोग्यदायी ठरेल ना?
— विद्यार्थिनी, शिरपूर

नाही, एवढ्यावरून ठरणार नाही. प्रकल्प मात्र जरूर करा.

डीपीपीएच हे स्वतःच एक स्थिर मुक्त मूलक आहे. त्याचा द्रव गर्द जांभळा असतो आणि अँटिऑक्सिडंट मिळाले की पिवळा पडतो. 517 नॅनोमीटरवर रंग किती उतरला ते मोजले की काम झाले. चाचणी स्वस्त आणि सोपी आहे, म्हणूनच देशभरातील महाविद्यालयांत दरवर्षी असंख्य पाने, साली आणि मुळे तिच्यातून जातात आणि बहुतेकांचा निकाल 'उत्तम' येतो. हिरव्या पानात फेनॉल द्रव्ये असणारच, तेव्हा त्यात नवे काही नाही.

या चाचणीची मर्यादा समजण्यासाठी आपल्या भागातील सर्वांत ओळखीच्या पिकाकडे पाहा. कपाशीच्या सरकीत गॉसिपॉल नावाचे पॉलिफेनॉल असते. अँटिऑक्सिडंट म्हणून ते नळीत चांगले काम करते. तेच गॉसिपॉल डुकरे, कोंबड्या आणि लहान वासरे यांना विषारी आहे. चीनमध्ये पुरुषांसाठी गर्भनिरोधक म्हणून ते तपासले गेले आणि शरीरातील पोटॅशियम घटणे व काहींमध्ये कायमचे वंध्यत्व येणे या कारणांनी तो विचार सोडून द्यावा लागला. सरकीचे तेल शुद्ध करताना ते काढून टाकतात म्हणूनच ते तेल खाण्याजोगे होते. आपल्या चाचणीने गॉसिपॉललाही शाबासकीच दिली असती.

प्रकल्प उपयुक्त करायचा तर प्रश्न बदला. मिथेनॉलमध्ये अर्क काढून थांबू नका, कारण तरोट्याची भाजी कोणी मिथेनॉलमध्ये शिजवत नाही. कच्चा पाला, उकडून पिळलेला पाला, पिळून टाकलेले पाणी आणि तेलात परतलेली तयार भाजी असे चार नमुने घ्या आणि एकूण फेनॉल व डीपीपीएच दोन्ही मोजा. तुलनेला मानक म्हणून क जीवनसत्त्व ठेवा. पावसाच्या सुरुवातीचा कोवळा पाला आणि पुढचा जून पाला यांतला फरक पाहिलात तर आणखी उत्तम. वनस्पतीचा वाळवलेला नमुना वनस्पतिशास्त्राच्या जाणकाराकडून ओळखून घ्या, कारण तरोट्याशेजारी त्याच्यासारखे दिसणारे भाऊबंद उगवतात. त्यांतील कासविंद्याच्या शेंगा-बिया खाऊन लहान मुले गंभीर आजारी पडल्याच्या नोंदी भारतात झालेल्या आहेत.

सांधेदुखीसाठी मुलाने हळदीच्या कॅप्सूल आणून दिल्या आहेत. त्यात काळी मिरीचा अर्कही आहे. मी रक्त पातळ ठेवण्याची गोळी घेतो. चालेल का?
— निवृत्त शिक्षक, अमळनेर

सर, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती कॅप्सूल घेऊ नका.

हळदीत कर्क्युमिन हे पिवळे द्रव्य साधारण 2 ते 5 टक्के असते आणि ते रक्तात फारच कमी शोषले जाते. बेंगळुरूच्या संशोधकांनी 1998 मध्ये दाखवले की मिरीतील पायपेरिन बरोबर दिल्यास त्याचे शोषण माणसांत 20 पटींनी वाढते. विक्रेते येथे थांबतात. परंतु हे घडते कारण पायपेरिन यकृताची आणि आतड्याची परकी द्रव्ये निकामी करण्याची क्रिया मंदावते, आणि आपल्या औषधांची विल्हेवाटही तीच क्रिया लावत असते. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा परिणाम त्यामुळे वाढू शकतो. अशा जास्त शोषल्या जाणाऱ्या कॅप्सूलमुळे यकृताला सूज आल्याच्या घटना इटलीत 2019 मध्ये आणि नंतर अमेरिकेतही नोंदल्या गेल्या. 2017 मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका विस्तृत आढाव्यात तर असे दाखवण्यात आले की कर्क्युमिन अस्थिर असून अनेक चाचण्यांत खोटे यश दाखवते. वरणातील आणि भाजीतील हळद आपण आयुष्यभर खात आला आहात, ती चालू ठेवा.

काळे ठिपके पडलेल्या केळ्यात कर्करोगाशी लढणारे 'टीएनएफ' असते, असा संदेश फिरतो आहे. खरे आहे का?
— केळी उत्पादक, रावेर

खोटे आहे. टीएनएफ हे प्राण्यांच्या पेशींत तयार होणारे प्रथिन आहे, ते केळ्यात असूच शकत नाही. जपानमध्ये केळ्याच्या अर्काचा उंदरांवर प्रयोग झाला होता, त्याचा विपर्यास होऊन हा संदेश तयार झाला. केळ्यात डोपामिन हे अँटिऑक्सिडंट मात्र खरेच असते, गरापेक्षा सालीत पुष्कळ जास्त, आणि साल काळी पडण्यात त्याचाच हात असतो. खाल्लेले डोपामिन मेंदूपर्यंत पोहोचत नाही, तेव्हा 'केळे खा, आनंदी राहा' अशी नवी जाहिरात कोणी काढली तर तिच्यावरही विश्वास ठेवू नका. ठिपके म्हणजे फळ पिकले, स्टार्चची साखर झाली, एवढेच.

आमच्या पाड्यांवर रक्त कमी असलेल्या बाया पुष्कळ आहेत. पालेभाज्या, कळण्याची (ज्वारी-उडदाची) भाकरी, सगळे सांगतो, तरी हिमोग्लोबिन वाढत नाही. अँटिऑक्सिडंट कमी पडतात का?
— अंगणवाडी सेविका, धडगाव

ताई, आपला प्रश्न या सर्वांत महत्त्वाचा आहे आणि त्याचे उत्तर कदाचित उलट दिशेने आहे.

चहातील टॅनिन, ज्वारीच्या आणि उडदाच्या सालीतील फेनॉल द्रव्ये, वांग्यातील क्लोरोजेनिक आम्ल हे सारे अँटिऑक्सिडंटच, पण त्यांतील अनेक द्रव्ये लोहाला घट्ट बांधतात. लोखंडी कढईत वांग्याची भाजी काळपट होते ती याचमुळे. असे बांधले गेलेले लोह आतड्यातून नीट शोषले जात नाही. पालेभाज्या आणि धान्यांतील लोह मुळातच कमी शोषले जाते, त्यावर जेवताना किंवा जेवल्याबरोबर कोरा चहा घेतला तर आणखी घटते. भाकरी सोडायला सांगू नका, तिच्यात इतर बरेच चांगले आहे. चहा जेवणापासून किमान एक तास दूर न्यायला सांगा, आणि जेवणातच लिंबाची फोड, कच्ची कैरी, आवळा किंवा पेरू असे काहीतरी द्या. क जीवनसत्त्व लोहाचे रूप बदलून त्याला या बंधनातून सोडवते. ते ताटात त्याच वेळी असायला हवे, संध्याकाळी खाल्लेल्या पेरूचा दुपारच्या भाजीतील लोहाला उपयोग नाही. लोहाची गोळीही चहाबरोबर घेऊ देऊ नका.

दुसरी गोष्ट याहून निकडीची आहे. सातपुड्याच्या आपल्या भागात सिकलसेल आजाराचे प्रमाण मोठे आहे. त्या आजारात तांबड्या पेशी लवकर फुटतात म्हणून रक्त कमी दिसते, आणि वारंवार रक्त दिले गेलेल्या रुग्णाच्या शरीरात लोह आधीच जास्त साचलेले असू शकते. अशा बाईला आहार सांगूनही आकडा हलत नाही आणि तपासणीशिवाय लोहाची मात्रा वाढवणे तिला घातक ठरू शकते. ज्या बायांचे हिमोग्लोबिन गोळ्या नियमित घेऊनही वाढलेले नाही, त्यांची यादी करून आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी प्रथम करून घ्या आणि लोहाच्या गोळ्या पुढे चालू ठेवायच्या की नाही ते तेथील वैद्यकीय अधिकाऱ्यांना ठरवू द्या. गरोदर बायांची नावे यादीत सर्वांत वर ठेवा.